आठ गोष्टी आणि एकच 'मी' : मुराकामीचा 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर'

आज एका अशा पुस्तकाबद्दल बोलायचंय, जे मला आवडलं नाही. एरवी न आवडलेल्या पुस्तकावर आपण अख्खा भाग करत नाही. वेळ तुमचाही जातो, माझाही जातो. पण हे पुस्तक हारुकी मुराकामीचं आहे. 'तुझा आवडता लेखक कोण' असं कुणी विचारलं की पटकन तोंडावर येणारं हे नाव, निदान माझ्या तरी. नावडत्या लेखकाचं पुस्तक फसलं तर आपण ते बाजूला ठेवतो आणि विसरून जातो. आवडत्या लेखकाचं फसलं की ते डोक्यातून जात नाही. नेमकं काय बिनसलं, हे शोधावंसं वाटतं. तर आजचा भाग म्हणजे तो शोध.

एक सूचना आधीच देतो. गोष्टींचे शेवट मी सांगणार आहे. स्पॉयलर नको असतील तर इथेच थांबा, पुस्तक वाचा आणि मग या. दोनशे-अडीचशे पानांचं पुस्तक आहे, एका शनिवार-रविवारात होतं.

पुस्तकाचं नाव 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर'. मूळ जपानी पुस्तक जुलै २०२० मध्ये आलं आणि फिलिप गॅब्रिएल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद एप्रिल २०२१ मध्ये. एकूण आठ कथा. नावाचं मराठी करायचं तर शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल : प्रथमपुरुषी एकवचनी. म्हणजे 'मी'. आठही कथा 'मी'च सांगतो आणि जवळपास प्रत्येक कथेतला हा 'मी' एकच माणूस वाटतो. वयस्क, पुरुष, पेशाने लेखक किंवा लेखकासारखा. कोबे शहराच्या आसपास वाढलेला, पुढे शिकायला टोकियोला गेलेला. जॅझ ऐकणारा, बेसबॉल बघणारा, बायकांच्या बाबतीत काहीसा गोंधळलेला. आता मुराकामी स्वतः १९४९ मध्ये क्योतोत जन्मला, कोबेच्या परिसरात वाढला, टोकियोत त्याने जॅझ बार चालवला आणि बेसबॉलचं वेड तर त्याला आहेच. या संग्रहातल्या 'याकुल्ट स्वॅलोज' या टीमवरच्या कथेत तर निवेदक स्वतःचं नाव हारुकी मुराकामी असंच सांगतो. तेव्हा हा 'मी' कोण, हा प्रश्न लेखकाने मुद्दामच आपल्यासमोर ठेवलाय.

ज्यांनी मुराकामी वाचलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १९७९ मध्ये पहिली कादंबरी. १९८७ मध्ये 'नॉर्वेजियन वुड' आली आणि जपानमध्ये तो लेखक न राहता स्टारच झाला. नंतर 'द विंड-अप बर्ड क्रॉनिकल', 'काफ्का ऑन द शोअर', 'वनक्यूएटीफोर' अशा जाडजूड कादंबऱ्या. आणि तो नुसता कादंबरीकार आहे असंही नाही, कथाकार म्हणूनही दमदार आहे. 'बार्न बर्निंग' या त्याच्या कथेवरून ली चँग-डाँग यांनी २०१८ मध्ये 'बर्निंग' हा सिनेमा केला. 'ड्राइव्ह माय कार' या कथेवरून र्युसुके हामागुची यांनी केलेल्या सिनेमाला २०२२ मध्ये ऑस्कर मिळालं. तेव्हा 'कादंबरीकाराला कथा जमली नाही' एवढं म्हणून हा विषय मिटत नाही. ज्याला कथा उत्तम जमते, त्याला या वेळी का जमली नाही, असा प्रश्न आहे.

आधी, माझी तक्रार कशाबद्दल नाही ते सांगतो, कारण मुराकामीबद्दल नेहमीच्या तीन तक्रारी असतात.

पहिली तक्रार : तेच तेच येतं. मांजरं, जॅझ, विहिरी, गूढ बायका. मला त्याचा त्रास नाही. भीमसेनांकडे जाऊन कुणी 'पुन्हा पुरियाच का' असं विचारत नाही. दुसरी तक्रार : काहीही घडतं, माकडं बोलतात. अहो, त्यासाठीच तर जातो आपण त्याच्याकडे. तिसरी तक्रार : शेवट कळत नाही. कथेचा शेवट कळलाच पाहिजे अशी माझी अट नाही. जी. ए. वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला शेवटच्या धुक्याची भीती कुणी दाखवू नये.

मग तक्रार काय? तीन कथांमधून सांगतो.

पहिली, 'ऑन अ स्टोन पिलो'. निवेदक कॉलेजात असताना एका रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम काम करायचा. तिथे काम करणारी, त्याच्याहून काही वर्षांनी मोठी एक मुलगी. ती नोकरी सोडून चाललीय आणि त्या रात्री ती त्याच्या खोलीवर राहते. तिचं प्रेम दुसऱ्याच कुणावर आहे. तो दुसरा तिला त्याच्या सोयीने बोलावतो, एरवी विचारत नाही. हे ती निवेदकाला सरळ सांगते. ती तांका लिहिते. तांका म्हणजे पाच ओळींची पारंपरिक जपानी कविता. नंतर ती त्याला तिच्या कवितांची एक छोटी पुस्तिका पोस्टाने पाठवते. बस, पुढे भेट नाही. म्हातारा निवेदक आता सांगतो की मला तिचं नाव आठवत नाही, चेहराही आठवत नाही. तिच्या कवितांत मरणाचे इतके उल्लेख आहेत की ती कदाचित जिवंतही नसेल, असं त्याला वाटतं.

या कथेत जीव कुठे आहे माहितीय? तिच्या तांकांमध्ये. त्या कथेत मधेमधे येतात आणि त्या आल्या की पान एकदम जड होतं. कुणीतरी खरंच काहीतरी भोगलंय, हे जाणवतं. पण त्यांच्या अलीकडे-पलीकडे निवेदक जे बोलतो ते सगळं आठवण कशी असते, काळ कसा जातो, शब्द कसे उरतात या चालीचं. ती जगली की मेली हे त्याला ठाऊक नाही. ते जाणून घ्यायला त्याने कधी बोटही उचललेलं नाही. आणि आपल्याला त्याबद्दल काही वाटतं का, हे तो स्वतःला विचारत नाही. तिचं दुःख त्याच्या हळवेपणाला तोंडी लावायला येतं.

दुसरी कथा 'विथ द बीटल्स'. संग्रहातली ही सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त चटका लावू शकली असती अशी. १९६४ साल, कोबेमधली शाळा. अंधाऱ्या कॉरिडॉरमधून एक मुलगी 'विथ द बीटल्स' ही रेकॉर्ड छातीशी घट्ट धरून जाताना निवेदकाला दिसते. ओळख नाही, बोलणं नाही. ती पुन्हा कधी दिसतही नाही. पण ते दृश्य त्याच्या मनात कायमचं बसतं. पुढे त्याला खरीखुरी मैत्रीण मिळते, तिचं नाव सायोको. एका रविवारी तो तिच्या घरी जातो तर ती घरात नाही, मोठा भाऊ आहे. भावाला एक विचित्र आजार आहे, मधूनमधून त्याची स्मृती काही काळ गळून पडते. तेवढ्या काळात आपण काय केलं असेल याची त्याला भीती वाटते. निवेदक त्याला आकुतागावाची एक कथा मोठ्याने वाचून दाखवतो. हा प्रसंग फार सुंदर उतरलाय, हे मान्य करायला हवं. पुढे निवेदक टोकियोला जातो, दुसरी कुणी भेटते, सायोकोशी संबंध संपतो. आणि खूप वर्षांनी टोकियोतल्या रस्त्यात तो भाऊ अचानक भेटतो आणि सांगतो की सायोकोने आत्महत्या केली. बत्तीस वर्षांची होती. हेही सांगतो की तिला सगळ्यात जास्त तूच आवडायचास.

इथे आपण वाचक म्हणून श्वास रोखून बसतो. आता हा माणूस काय करणार? काय आठवणार? तिच्या कुठल्या वाक्याचा अर्थ त्याला आज वेगळा लागणार? आणि कथा संपते कशावर? त्या कॉरिडॉरमधल्या मुलीवर. तीच ती, रेकॉर्ड घेऊन जाणारी, जिच्याशी तो एक शब्दही बोलला नव्हता. ती अजूनही त्या कॉरिडॉरमधून चालत असेल का, असा विचार करत कथा मिटते.

तुम्ही म्हणाल, हाच तर मुद्दा आहे. खऱ्या माणसापेक्षा मनातली प्रतिमा जास्त टिकते. बरोबर, मुद्दा तोच आहे आणि तो चांगला आहे. पण मुद्दा चांगला असणं आणि कथेने त्याची किंमत मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायोको मेली आणि निवेदकाला एक सुरेख शेवटचं चित्र मिळालं. या देवाणघेवाणीत काहीतरी गडबड आहे हे कथेला स्वतःला कळलंय, असं मला कुठेही दिसलं नाही.

तिसरी, 'कार्नावाल'. शूमनच्या पियानोरचनेचं हे नाव. सुरुवातच निवेदक अशी करतो की ही बाई मी पाहिलेल्या बायकांमध्ये सर्वात कुरूप होती. मग पानभर त्या कुरूपतेची चर्चा. तिला नावही नाही, फक्त 'एफ' हे अक्षर. दोघांना शूमनची ही रचना प्रचंड आवडते आणि त्यावरून त्यांची मैत्री होते. मुखवटे आणि त्यामागचे चेहरे यांवर ती जे बोलते ते छान आहे. मग एक दिवस ती दिसेनाशी होते आणि पुढे टीव्हीच्या बातम्यांत कळतं की तिला आणि तिच्या नवऱ्याला आर्थिक फसवणुकीत अटक झाली. विचार करा, किती जबरदस्त सामग्री आहे ही! संगीतातल्या मुखवट्यांवर इतकं नेमकं बोलणारी बाई स्वतः मुखवटा घालून वावरत होती. पण आपल्याला तिच्याबद्दल कळतं काय? ती दिसायला कशी होती आणि तिच्या गायब होण्याने निवेदकाला कसं वाटलं. हिच्या रूपाच्या वर्णनावर बऱ्याच जणांनी टीका केली आणि ती योग्यच आहे. पण मला वाटतं, ते वर्णन हे लक्षण आहे. मूळ आजार हा की निवेदकाला तिच्याबद्दल खरी उत्सुकताच नाही.

आता तुम्ही मुराकामीचे जुने वाचक असाल तर लगेच म्हणाल की अरे, त्याचे निवेदक पहिल्यापासून असेच आहेत. अलिप्त, स्वतःत गुंतलेले. 'नॉर्वेजियन वुड'चा वातानाबे तरी काय वेगळा?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण उत्तर इथेच सापडतं. 'नॉर्वेजियन वुड'ची चौकट बघा. सदतीस वर्षांचा माणूस विमानात बसलाय, गाणं ऐकतो आणि त्याला तरुणपणी गेलेली मुलगी आठवते. म्हणजे 'विथ द बीटल्स'चीच चौकट! बीटल्ससकट. पण कादंबरीत नाओको पत्रं लिहिते. तिच्या भाषेत, तिच्या बाजूने. रेइको तिची स्वतःची अख्खी कहाणी सांगते, पानंच्या पानं, आणि वातानाबे नुसता ऐकत बसतो. मिदोरी तर गप्पच बसत नाही. 'विंड-अप बर्ड'मध्येही तेच. तोरू ओकादा हा निवेदक म्हणून तसा थंड माणूस, विहिरीत जाऊन बसणारा. पण लेफ्टनंट मामिया येतो आणि मंगोलियाच्या सीमेवर काय घडलं ते सांगतो. मे कासाहारा त्याला पत्रं लिहिते. कादंबरी 'मी'ची असली तरी त्या 'मी'च्या घराला दारं भरपूर आहेत, आणि माणसं सारखी आत येऊन आपापलं बोलून जातात.

मुराकामीचा 'मी' हा मुळात बोलका नाहीच, तो ऐकणारा आहे. रिकामं भांडं म्हणा. दुसऱ्यांच्या गोष्टी त्यात ओतल्या जातात तेव्हा तो भरतो. कादंबरीत सहाशे पानं असतात, त्यामुळे ओतायला जागा असते. कथेत वीस-तीस पानं. आणि या संग्रहात त्याने त्या वीस-तीस पानांतलीही बहुतेक जागा 'मी'लाच देऊन टाकली. दुसऱ्यांनी येऊन बोलायचं दारच बंद झालं. मग उरतं ते रिकामं भांडं आणि त्याचा नाद.

हे मी उगाच सिद्धांत म्हणून मांडत नाही. याच संग्रहात तपासून बघता येतं. मला यातल्या दोन कथा मनापासून आवडल्या. एक, 'चार्ली पार्कर प्लेज बोसा नोव्हा'. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९५५ मध्ये चौतीसाव्या वर्षी गेला. बोसा नोव्हाची लाट त्यानंतरची. निवेदकाने कॉलेजात असताना गंमत म्हणून एक खोटं परीक्षण लिहिलं : पार्कर जिवंत आहे आणि त्याने बोसा नोव्हाची रेकॉर्ड काढलीय. पुढे कित्येक वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याला हीच, अस्तित्वात नसलेली रेकॉर्ड दिसते. तो ती घेत नाही आणि दुसऱ्या दिवशी जातो तर ती नाहीच. आणि शेवटी स्वप्नात खुद्द पार्कर येतो, वाजवतो, मरणाबद्दल बोलतो आणि निवेदकाचे आभार मानतो.

दुसरी, 'कन्फेशन्स ऑफ अ शिनागावा मंकी'. गुन्मा भागातल्या एका जुनाट, मोडकळीला आलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या लॉजमध्ये निवेदक उतरतो. तो पाण्यात बसलेला असताना एक वयस्क माकड येतं आणि अदबीने विचारतं, पाठ घासून देऊ का? रात्री दोघं बिअर पितात आणि माकड त्याची गोष्ट सांगतं. माणसांत वाढल्यामुळे त्याला माकडिणींबद्दल काही वाटत नाही, माणसांच्या बायकांवरच त्याचं प्रेम बसतं. ते प्रेम पुरं होणं शक्य नाही. मग ते काय करतं? त्या बाईचं नाव चोरतं. म्हणजे तिच्या नावाचा थोडासा भाग स्वतःजवळ ठेवतं. बाईला मधूनमधून स्वतःचं नाव आठवेनासं होतं, एवढाच त्रास. अशा सात बायकांची नावं त्याने चोरलीत. ते आपण जपून ठेवलीत, हे ते सांगतं. अपराधही वाटतो आणि प्रेमही.

या दोन्ही कथांमध्ये काय घडलं? निवेदक गप्प बसला आणि दुसरं कुणीतरी बोललं. एक मेलेला संगीतकार, एक म्हातारं माकड. लगेच मुराकामी पुन्हा मुराकामी झाला.

आणि त्या माकडाकडे जरा नीट बघा. बायकांचं नाव चोरून जवळ ठेवायचं, आठवणीत कुरवाळायचं, आणि त्या बाईला मात्र पत्ताही नाही. हेच तर बाकीच्या कथांमधला निवेदक करतोय! स्टोन पिलोवाल्या मुलीचं नाव कुठे गेलं? 'एफ'चं बाकीचं नाव कुणी घेतलं? फरक एवढाच की माकड कबुली देतं. निवेदक देत नाही. पुस्तकात सर्वात प्रामाणिक कोण असेल तर ते माकड आहे. मला हे वाचताना वाटलं की लेखकाला सगळं ठाऊक आहे, तो आता याच धाग्याने बाकीच्या कथा ओवणार. पण नाही. माकडाची कथा एकटीच राहते.

म्हणून शेवटची कथा जास्त लागते. तिचंच नाव 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर'. निवेदकाला एरवी सूट घालायची वेळ येत नाही, पण कधीतरी उगाच कपाटातला सूट काढून तो घालतो. अशाच एका संध्याकाळी सूट घालून तो एका बारमध्ये पुस्तक वाचत बसलाय. शेजारी एक अनोळखी बाई येते आणि त्याला झापायला लागते. तिचं म्हणणं, तीन वर्षांपूर्वी तू एका बाईशी अत्यंत वाईट वागलास, लाज वाटायला हवी तुला. त्याला काहीही आठवत नाही. तो पैसे देऊन बाहेर पडतो तर रस्ता ओळखीचा राहिलेला नाही, झाडांना साप गुंडाळलेत, माणसांना चेहरे नाहीत. संपलं पुस्तक.

सात कथा ज्या क्षणाची वाट बघत होत्या, तो हा क्षण. सात कथा 'मी' बोलला. आता कुणीतरी त्या 'मी'ला विचारतंय की तू काय केलंस? आणि तो उठून निघून जातो. त्याच्याबरोबर लेखकही उठतो. बाहेरचं ते दुःस्वप्न भारी आहे, नाही म्हणत नाही. पण ते पळवाटेसारखं वाटतं. भीती दाखवली की उत्तर द्यावं लागत नाही.

इथे एक बचाव होऊ शकतो आणि तो दुबळा नाही. कुणी म्हणेल, हा सगळा उपरोध आहे. निवेदक आंधळा आहे हे दाखवणं हाच पुस्तकाचा हेतू. पुस्तकाचं नावच बघ ना. ठीक आहे. पण मुराकामीने असा आंधळा निवेदक आधी दाखवलाय आणि कसा दाखवायचा हे त्याला पक्कं माहितीय. 'बार्न बर्निंग' घ्या. १९८३ ची कथा, तीही 'मी'च सांगतो. ओळखीच्या तरुणीचा मित्र त्याला म्हणतो की मला गोठे, कोठारं जाळायचा छंद आहे, आता तुझ्या घराजवळचंच एक जाळणार. निवेदक नकाशा घेऊन परिसरातल्या पाच कोठारांवर खुणा करतो आणि रोज पळायला जाताना ती तपासत राहतो. एकही जळत नाही. दरम्यान ती तरुणी नाहीशी होते. तो कोठारंच मोजत बसतो. वाचकाच्या पोटात गोळा येतो, कारण वाचकाला जे दिसतंय ते त्याला दिसत नाही. उपरोध चालतो तो असा. निवेदकाच्या खांद्यावरून आपल्याला पलीकडचं दिसायला हवं. या नव्या संग्रहात खांद्यावरून बघायला गेलं तर पलीकडे पुन्हा निवेदकच उभा दिसतो.

आणि दुसरा पुरावा म्हणजे 'आफ्टर द क्वेक'. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. मुराकामीचं लहानपण ज्या भागात गेलं, तोच भाग. त्यावर त्याने लिहिलेला सहा कथांचा हा संग्रह २००० मध्ये आला. स्वतःच्या गावावर आलेलं संकट म्हणजे 'मी'ने लिहायची हक्काची जागा. पण त्याने सहाच्या सहा कथा तृतीयपुरुषी लिहिल्या. एकही 'मी' नाही. पहिल्याच कथेत कोमुराची बायको पाच दिवस टीव्हीसमोर भूकंपाच्या बातम्या बघत बसते आणि मग घर सोडून जाते. चिठ्ठीत लिहिते की तुझ्यासोबत राहणं म्हणजे हवेच्या गोळ्यासोबत राहणं. आहे की नाही तोच आरोप? पण इथे कोमुरा उठून जात नाही. कथा त्याला सोडत नाही. तो तो पोकळपणा घेऊन थंडगार होक्काइदोपर्यंत जातो आणि आपणही त्याच्याबरोबर जातो.

आता हे मराठीतून बघू या. इंग्रजीत 'आय' म्हटलं की बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. जपानीत मुराकामीचे बरेच निवेदक 'बोकु' म्हणतात, तो शब्द साधारणपणे मुलगे-पुरुषच वापरतात. मराठीत सर्वनाम एकच, 'मी', पण क्रियापद लगेच चुगली करतं. मी गेलो, मी गेले. पुस्तक संपल्यावर एक खेळ करून बघा. 'ऑन अ स्टोन पिलो' मनातल्या मनात मराठीत सांगा, पण 'गेले' लावून. मी त्या रात्री त्याच्या खोलीवर गेले. नोकरीचा शेवटचा दिवस होता. नंतर त्याला माझी पुस्तिका पाठवली. एवढ्या तीन वाक्यांतच प्रश्न उभे राहतात. का पाठवली? उत्तराची वाट बघितली का? तोही प्रथमपुरुषी एकवचनीच आहे, फक्त तो या पुस्तकात आलेला नाही. आठ कथांत 'मी' म्हणायचा हक्क एकाच माणसाला मिळालाय.

हे मला एवढं का लागलं, तेही सांगतो. आपण सगळेच आता तिशीच्या आसपास 'किस्से' सांगायच्या वयात आलोय. कॉलेजमधली ती, आधीच्या कंपनीतला तो. दोन पेग झाले की आपणही हे सगळं छान घोटून, शेवटी एक हुरहुर लावून सांगतो. ज्यांचे किस्से सांगतो ती माणसं समोर नसतात. त्यांचं नंतर काय झालं, हे आपण विचारलेलं नसतं. मुराकामीने आपल्या पिढीला एकटेपणावर बोलायला एक भाषा दिली, हे माझ्यासाठी खरंच मोठं देणं आहे. पण तीच भाषा किती सहज दुसऱ्याचं दुःख आपल्या खात्यावर जमा करून घेते, ते या पुस्तकात उघडं पडलंय. ज्याने आपल्याला ऐकायला शिकवलं तोच ऐकेनासा झाला, म्हणून वाईट वाटतं.

तर वाचायचं का हे पुस्तक? मुराकामीपासून सुरुवात करणार असाल तर इथून करू नका. 'आफ्टर द क्वेक' घ्या, नाहीतर 'द एलिफंट व्हॅनिशेस', त्यात 'बार्न बर्निंग'ही आहे. आधीच चाहते असाल तर शिनागावाचं माकड आणि चार्ली पार्कर नक्की वाचा. बेसबॉलवालीही वाचा, ती कथा कमी आणि ललित लेख जास्त आहे, पण वडिलांच्या आठवणी त्यात हळुवार आल्यात. 'क्रीम'मधला तो म्हातारा, केंद्रं अनेक असलेल्या पण परीघ नसलेल्या वर्तुळाचं कोडं घालणारा, तोही भेटण्यासारखा आहे. बाकीच्या वाचाल तेव्हा एकच करा. कथेतलं दुसरं माणूस शोधा आणि त्याला किती वाक्यं मिळालीत ती मोजा.

आजच्यापुरतं एवढंच. 'आफ्टर द क्वेक'वर सविस्तर बोलायची इच्छा आहे, बहुतेक पुढच्याच भागात. तोवर वाचत राहा, ऐकत राहा. भेटू.